बाबांनी निवडलेली लेन्स

थोरलीचा कॅमेरा अकरा वर्षं इमानेइतबारे चालला आणि एका रविवारी सकाळी, पुलाच्या कठड्यावर बसलेल्या बगळ्यासमोर, खटकन आवाज करून कायमचा गप्प झाला. बगळा उडून गेला, थोरली उभीच राहिली. दुरुस्तीवाल्याने कॅमेरा उघडला, आत डोकावला, परत बंद केला आणि म्हणाला, "बाई, याचं वय झालं. याचे भाग आता मिळत नाहीत."

ती दोन बहिणींतली मोठी, म्हणून थोरली. कागदोपत्री दुसरं नाव होतं, पण वडिलांपासून नवऱ्यापर्यंत सगळे थोरलीच म्हणायचे. वय सेहेचाळीस. काम दातांच्या लॅबमध्ये. दवाखान्यातून आलेल्या साच्यावरून दाताची कॅप घडवायची आणि शेजारच्या खऱ्या दाताशी तिचा रंग असा जुळवायचा, की आरशात माणसालासुद्धा आपला कुठला आणि बसवलेला कुठला ते कळू नये. आपण ज्याला सरळ पांढरा म्हणतो त्यात तिला सोळा रंग दिसत.

हा बारीक डोळा वडिलांकडून आलेला. बाबा शिंपी होते. चाळीस वर्षं त्यांनी कोट शिवले. आई गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, ते थोरलीकडे राहायला आले. येताना शिलाई मशीन आणलं, खिडकीपाशी मांडलंही, पण त्यावरचं कापड काही काढलं नाही. "कंटाळा आला आता," म्हणाले. चाळीस वर्षांनी माणसाला कामाचा कंटाळा येणारच, असं धरून कुणी खोदून विचारलं नाही.

तर कॅमेरा. नवा घ्यायचा हे ठरलं, पण कुठला, यावर घोडं अडलं. थोरली दर रविवारी ज्या चार-सहा हौशी लोकांबरोबर फोटो काढायला जायची, त्यांच्यात उघड उघड दोन पक्ष होते. एका पक्षाचे पुढारी पोस्टमनकाका. उभा जन्म खांद्यावर टपालाची पिशवी वाहिल्यामुळे आता ओझं म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठ्या पडत. त्यांचा कॅमेरा छोट्या सेन्सरचा, म्हणजे आत चित्र टिपणारा तुकडा छोटा, लेन्सा अक्रोडाएवढ्या. दुसऱ्या पक्षात चित्रकलेच्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचा कॅमेरा मोठ्या सेन्सरचा, फुल फ्रेम, लेन्स लोणच्याच्या बरणीएवढी. एका गोष्टीवर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत होतं, की लेन्स घ्यायची तर प्राइमच. एकाच अंतराची, झूम न होणारी. जवळ हवं असेल तर आपण पुढे जायचं, लांब हवं असेल तर मागे सरायचं.

"पण पोस्टमनकाकांची पंचवीसची लेन्स म्हणजे बाईंची पन्नासची," थोरलीने एकदा जेवताना नवऱ्याला समजावलं. "आणि त्यांची साडेबेचाळीसची म्हणजे बाईंची पंच्याऐंशीची. तेवढंच दिसतं दोन्हींतून."

"मग तेवढाच आकडा का नाही लिहीत?"

"त्यावरूनच तर भांडण आहे."

नवऱ्याने हात टेकले. थोरलीने मात्र वही घातली. डाव्या पानावर छोटी सिस्टीम, उजव्या पानावर मोठी. वजन, अंधारातली कामगिरी, मागची धूसरता, कडांची स्पष्टता, आणखी पाच वर्षांनी लेन्सा मिळतील का. एकेका रकान्यात पेन्सिलीने लिहायचं, खोडायचं, परत लिहायचं. महिन्याभरात चाळीस पानं भरली. नवरा एकदा ती वही चाळून म्हणाला, "माझी एवढी चौकशी केली असतीस तर आपलं लग्न झालं नसतं."

शेवटी दोन्ही पक्षांनी तिच्यावर दया करून आपापला कॅमेरा दोन-दोन लेन्सांसकट काही आठवड्यांपुरता तिच्या हवाली केला. पक्षाचा प्रचार म्हणा हवं तर. थोरलीने दारावर वर्तमानपत्र चिकटवून त्याचे फोटो काढले, विटांच्या भिंतीचे काढले, औषधांच्या बाटल्यांवरच्या लेबलांचे काढले. संगणकावर ते मोठे करून अक्षर अन् अक्षर ताडून पाहिलं. फरक होता, पण तो शोधायला लागत होता.

"भिंतींवर काय ठरवतेस?" चित्रकलेच्या बाई फोनवर करवादल्या. "भिंतीला चेहरा असतो का? माणूस बसव समोर!"

घरात निवांत बसणारा माणूस एकच होता.

पुढच्या रविवारी सकाळी बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले. फोटो म्हटल्यावर त्यांनी स्वतः शिवलेला राखाडी कोट घातला. चष्म्याच्या काचेत खिडकी चमकायला लागली, म्हणून थोरलीने चष्मा काढायला लावला. आधी लांबच्या लेन्सा झाल्या. मग पंचवीस आणि पन्नास, म्हणजे तिला पुढे सरकावं लागलं. इतकं, की बाबांच्या गुडघ्याला तिचा गुडघा लागला. या माणसाकडे इतक्या जवळून आपण शेवटचं कधी बघितलं होतं, ते तिला आठवेना. मिशी विरळ झाली होती. कानाच्या पाळीवर सुरकुती पडली होती.

"बाबा, इकडे बघा ना."

बाबांनी नुसती नजर वळवली नाही, अख्खी मान वळवली. मान आखडली असेल, असं तिला वाटलं.

"झालं का ग?"

"झालंच. हलू नका."

"मी हलत नाहीये. तूच मघापासून पुढे-मागे नाचते आहेस."

दुसऱ्या दिवशी तिने एकाच मापाचे पाच प्रिंट काढून आणले. पाठीवर नुसते आकडे, कॅमेऱ्याचं नाव नाही. चार प्रिंट चार लेन्सांचे. पाचवा मुद्दाम घातलेला. फोकस चुकून खुर्चीच्या पाठीवर गेलेला, चेहरा पुसट आलेला. लॅबमधली ही जुनी पद्धत होती. रंग तपासणाऱ्यासमोर एक चुकीच्या रंगाचा दात मिसळून ठेवायचा, म्हणजे तपासणारा जागा आहे की नाही ते कळतं.

नवऱ्याने पाचही प्रिंट पत्त्यांसारखे धरले आणि पुसट फोटो पहिल्या फटक्यात बाहेर काढला. "हा गेलेला आहे. बाकीच्यांत मला काही कळत नाही."

मग तिने ते बाबांच्या हातात दिले. निकाल त्यांचाच धरायचा, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पाव इंचाची चूक रस्त्याच्या पलीकडून हेरणारा माणूस! बाबांनी चष्मा लावला. एकेक प्रिंट हातात घेतला, खिडकीकडे तिरका धरला, कडेवरून अंगठा फिरवला.

"तुला कुठला आवडला?" त्यांनी विचारलं.

"असं नाही चालायचं. तुम्ही सांगा."

बाबांनी बराच वेळ घेतला. मग एक प्रिंट वेगळा काढून पुढे केला. "हा. यात काम स्वच्छ आलंय. कॉलरचा टाका न् टाका मोजून घ्यावा."

थोरली हसली. तो पुसट प्रिंट होता. बाबा चेष्टा करताहेत असं तिला वाटलं. पण चेष्टा करून झाल्यावर बाबा समोरच्याच्या तोंडाकडे बघत, ओठाचा एक कोपरा दाबत. आता ते तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. आवाज जिथून आला होता तिथे, जरा बाजूला, बघत होते. आणि त्या प्रिंटमध्ये कॉलर नुसता राखाडी ढग होता. टाके बाबांना आठवत होते, दिसत नव्हते.

थोरली प्रिंट गोळा करून आत गेली, संगणक लावला आणि चांगले आलेले चारही फोटो उघडले. महिनाभर ती अक्षरं आणि विटा मोठ्या करून बघत होती. आता तिने बाबांचे डोळे मोठे केले. उजव्या डोळ्यात खिडकी दिसत होती, गजांसकट, जरा मळकट. डाव्या डोळ्याच्या बाहुलीत काळं काही नव्हतंच. तिथे ताकासारखा पांढुरका रंग होता. चष्म्याच्या जाड काचेमागे तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. तिच्याही नाही, जिला पांढऱ्यात सोळा रंग दिसतात. पोस्टमनकाकांच्या दोन्ही लेन्सा तेच सांगत होत्या, बाईंच्याही दोन्ही तेच सांगत होत्या. दोन सिस्टीमचं इतकं एकमत तिने त्या महिन्यात पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली. दुपारी चहा केला, बाबांसमोर कप ठेवला आणि सरळ विचारलं, "बाबा, तुम्हाला कधीपासून दिसत नाहीये?"

"मला? दिसतं की. रोज पेपर वाचतो."

"पेपर वाचता?"

"जावईबापूंना विचार. रोज चर्चा करतो आम्ही बातम्यांवर."

"सकाळी सहाला रेडिओवर बातम्या लागतात," थोरली म्हणाली. "तुम्ही त्या ऐकता, आणि मग पेपर उघडून बसता. हो ना?"

बाबांनी चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवताना आधी दुसऱ्या हाताने बशी चाचपली. हे ते रोजच करत असणार, तिला आज दिसलं.

"काल मी कुठला फोटो निवडला?" त्यांनी विचारलं.

"बिघडलेला."

"वाटलंच मला. तू हसलीस तेव्हाच वाटलं." त्यांनी बशी जरा पुढे सारली. "तीन वर्षं होत आली. आधी धुकं पडल्यासारखं. मग डावा गेलाच. उजव्याने आकार कळतात. तू कुठली, जावई कुठले, ते चालण्यावरून कळतं."

"तीन वर्षं! मग कोट कसे शिवत होतात शेवटी?"

"तुझी आई होती ना. सुई ओवून द्यायची. खडूची रेघ बोटाखाली धरून द्यायची. काजं-बटणं तीच तपासायची. कुणाला म्हणून कळू दिलं नाही तिने." बाबांचा आवाज खाली आला. "ती गेल्यावर एका वकिलाचा कोट हातात होता. काळं कापड, काळा दोरा. एकट्याने शिवला. डावी बाही उजवीकडे लावली. वकील भला माणूस, काही बोलला नाही. घडी घालून घेऊन गेला. बोलला असता तर बरं झालं असतं."

सगळ्यांनी कंटाळा म्हणून सोडून दिलेली गोष्ट ही होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"आंधळा शिंपी म्हणजे काय ग? हसण्यावारी न्यायची गोष्ट झाली ती. आणि तुझ्या घरी राहायला यायचं, ते काय ओझं होऊन?"

"तुम्ही ओझं नाही झालात," थोरली म्हणाली आणि मग तिला रागच आला. "पण लबाड झालात. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. आता यात कारणं नकोत."

"बरं बाई," बाबा म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले, की ते कुणीतरी हे म्हणायची वाटच बघत असावेत.

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तपासायला तासभर घेतला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पार पिकला होता. उजव्यातही होता, पण कमी. शिवाय उजव्या डोळ्यातला दाब वाढून कडेची नजर थोडी गेली होती.

"गेलेली कड परत येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण रोज न चुकता थेंब घातलेत तर उरलेली टिकेल. डाव्याचं ऑपरेशन आधी करू. आतला पडदा किती चांगला आहे ते मोतीबिंदू निघाल्याशिवाय कळणार नाही. मी उगाच आशा लावणार नाही. आता लेन्सचं ठरवू."

"लेन्स?" बाबा आणि थोरली एकदमच म्हणाले.

"डोळ्यातली खराब लेन्स काढून नवी बसवतो. एका प्रकारात लांबचं आणि जवळचं दोन्ही दिसतं, पण तुमच्या डोळ्यांना तो मी सुचवणार नाही, दिव्यांभोवती फार वलयं दिसतील. दुसऱ्या प्रकारात एकाच अंतराचं अगदी स्पष्ट दिसतं. बाकीच्याला चष्मा. बहुतेक लोक लांबचं घेतात."

बाबांनी थोरलीकडे मान वळवली. "हे तुझं खातं. तुझ्या भाषेत सांग."

थोरलीने घसा साफ केला. "पहिली झूम. दुसरी प्राइम. प्राइमला अंतर एकच, पण त्या अंतरावर तिच्यासारखं काम कुणी करत नाही."

"आणि बाकीच्याला पुढे-मागे नाचायचं."

"नाचायचं. किंवा चष्मा लावायचा."

"मग ठरलं," बाबा डॉक्टरांना म्हणाले. त्यांनी डावी मूठ छातीपासून वीतभर पुढे धरली आणि उजव्या हाताची चिमटी तिच्यावर आणली, सुई धरल्यासारखी. "या इथलं स्पष्ट दिसेल अशी द्या."

"इतक्या जवळची? आजोबा, रस्त्यावरचं चष्म्याशिवाय दिसणार नाही."

"रस्त्यावर माझं काय काम असतं?"

डॉक्टर थोरलीकडे बघायला लागल्या. थोरली म्हणाली, "ते शिंपी आहेत." मग डॉक्टरांनी ड्रॉवरमधून मोजपट्टी काढली आणि बाबांच्या डोळ्यापासून चिमटीपर्यंतचं अंतर मोजून कागदावर लिहून घेतलं.

ऑपरेशनच्या दिवशी थोरलीच्या हातात कागदपत्रांची फाईल, पाण्याची बाटली, औषधांची पिशवी आणि बाबांचा कोट होता. बाईंचा कॅमेरा घरी कपाटात राहिला. पोस्टमनकाकांचा छोटा पिशवीच्या तळाशी मावला, म्हणून आला. आपण तो घेतलाय हेही ती विसरून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. नर्सने हळूच चिकटपट्टी सोडवली, कापूस बाजूला केला. बाबांनी डोळा किलकिला केला, मिटला, पुन्हा उघडला. बाबांनी पहिल्यांदा स्वतःचा डावा तळहात वर आणला, मुठीच्या अंतरावर धरला आणि बघत राहिले. बोटांच्या टोकांवर सुयांनी झालेले बारीक खड्डे होते. ते त्यांनी एकेक करून पाहिले. थोरलीचा हात आपोआप पिशवीत गेला. तिने एकच फोटो काढला.

"थोरले," बाबा म्हणाले, "जरा जवळ ये."

ती वाकली. बाबांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्याच अंतरावर आणला.

"तुझे केस कधी ग पिकले?"

"झाली की दोन-तीन वर्षं," ती म्हणाली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. नर्सने बाबांना बजावलं, की तुम्ही मात्र रडायचं नाही, डोळ्यांत पाणी जायला नको. बाबा म्हणाले, मी कुठे रडतोय, हे नव्या लेन्सची सवय नाही म्हणून.

पडदा चांगला निघाला. अगदी तरुणासारखा नाही, पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू दिसण्याइतका चांगला. उजव्या डोळ्याची गेलेली कड गेलीच. दाराच्या चौकटीला बाबांचा खांदा त्यानंतरही अधूनमधून लागायचा, आणि थेंबांची वेळ चुकू नये म्हणून थोरलीने भिंतीवर तक्ता लावला. महिन्याभराने मशीनवरचं कापड निघालं. पहिलं काम पोस्टमनकाकांच्या जाकिटाच्या खिशाचं. बाबांनी तो उसवला, परत लावला आणि "आधी कुणी लावला होता हा?" असं तीनदा विचारलं.

चित्रकलेच्या बाई आपला कॅमेरा न्यायला आल्या, तेव्हा थोरलीने त्यांना दवाखान्यातला तो फोटो दाखवला. बाईंनी तो नाकाशी धरला.

"फोकस भुवईवर गेलाय."

"हो."

"माझ्या कॅमेऱ्याने डोळाच पकडला असता."

"पकडला असता, बाई. पण तो घरी होता."

बाई तो फोटो खाली न ठेवता बराच वेळ बघत बसल्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, "घे बाई तो अक्रोडवाला. पण मोठा प्रिंट काढायचा झाला तर माझ्याकडे ये." पुढचे दोन रविवार त्या पोस्टमनकाकांशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी लेन्सच्या झाकणावरून पुन्हा वाद सुरू झाला आणि सगळं सुरळीत झालं.

थोरलीने छोट्या सिस्टीमचा कॅमेरा घेतला, पंचवीसच्या एकाच लेन्ससकट. दुसरी नंतर बघू म्हणाली. वहीची उरलेली पानं घरच्या सामानाच्या यादीला गेली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी उजव्या डोळ्याची वेळ आली. डॉक्टरांनी जुना कागद काढला आणि मोजपट्टीसाठी ड्रॉवर उघडला. "हीही तेवढ्याच अंतराची ना, आजोबा?"

"नको. ही लांबची द्या."

"मागच्या वेळी तर म्हणालात, रस्त्यावर माझं काय काम असतं!"

"मागच्या वेळी हातात एकच डोळा होता हो. आता कामाची सोय झाली." बाबांनी कोटाची बटणं लावली. "माझी धाकटी मुलगी लांब असते, नोकरीला. पुढच्या महिन्यात येतेय, दोन-अडीच वर्षांनी. ती डब्यातून उतरताना मला दिसली पाहिजे. तिने येऊन हात लावला की मग कळायचं, तसं नको."

डॉक्टरांनी कागदावर 'लांबची' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली. दोन डोळ्यांना दोन अंतरं म्हटल्यावर मेंदूला जुळवून घ्यायला थोडे दिवस लागतील, कधी चक्कर आल्यासारखं वाटेल, असं त्यांनी समजावलं. बाबा म्हणाले, चालेल, घरात दोन मुली वाढवल्या आहेत.

धाकटीची गाडी वीस मिनिटं उशिरा आली. बाकावर जागा होती तरी बाबा सगळा वेळ उभेच राहिले. थोरली त्यांच्या उजव्या बाजूला, कड नसलेल्या बाजूला, उभी होती, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. गाडी थांबली, दारं उघडली, सामान आणि माणसं एकदम फलाटावर सांडली. थोरली टाचा उंच करून डबा शोधत होती, तेवढ्यात बाबांनी हात वर केला.

"ती काय. निळ्या ओढणीतली. बारीक झालीय."

आणि ते थोरलीला मागे टाकून गर्दीत शिरले.